आधी टायरची कड चिमटीत धरून बघा

वाचकांचे प्रश्न : डोंगरातली सायकल

जून लागला की आल्प्समधल्या लिफ्ट सायकलवाल्यांसाठी उघडायला लागतात आणि माझ्याकडची पत्रं लगेच बदलतात. हिवाळाभर कुठली सायकल घेऊ, किती ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन किती दबतं त्याची) घेऊ असं चाललेलं असतं, आणि एकदा पहिला टायर फाटला की पुढची सगळी पत्रं टायरची. यावेळी तर निम्म्याहून जास्त पत्रं त्याचीच होती म्हणून हा पूर्ण अंक टायरलाच देतेय. मी स्वतः इन्सब्रुकला राहते, नॉर्डकेट्टेचा चुनखडीचा डोंगर घराच्या खिडकीतून दिसतो आणि त्याने माझे बरेच टायर खाल्लेत, तेव्हा खाली जे लिहिलंय ते तिथलं शिकलेलं आहे.

ताई नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, आता सहा वर्षं म्युनिकला आहे. वजन ८२ किलो, सायकल २९ इंची, १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची ट्रेल बाइक. मागच्या महिन्यात इटलीत लेक गार्डाला गेलो होतो, ट्रेमाल्झोवरून उतरताना मागचा टायर कडेला उभा चिरला. खाली रीव्हा गावात येऊन तोच टायर नवीन घेतला, तिसऱ्या दिवशी तोही तसाच गेला. दोन्ही वेळा नॉब (टायरवरचे रबराचे उंचवटे) एकदम नवे होते. दुकानदार म्हणतो अजून मोठ्या नॉबचा घ्या. कुठला घेऊ?

दादा, दोन्ही वेळा नॉब नवे होते असं तुम्ही लिहिलंय ना, तिथेच थांबा. टायर नॉबांनी हरला नाही, कडेने हरला. मोठ्या नॉबचा घेतलात आणि कड तेवढीच पातळ असली तर तोही तिथेच चिरणार, फक्त जास्त पैसे देऊन.

गार्डाचा दगड चुनखडीचा. ट्रेमाल्झोचा रस्ता पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी खोदलेला, त्यावर मुठीएवढे फुटके दगड सुटे पडलेले असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. पुढचं चाक असल्या दगडावरून जातं तेव्हा तो दगड जागचा उलटतो, आणि उलटलेली धार बरोबर मागच्या चाकाच्या कडेला येऊन लागते. मागच्या चाकावर तुमचं वजनही जास्त, आणि पुढचं चाक जसं आपण बघून टाकतो तसं मागचं टाकता येत नाही, ते आपलं ओढलं जातं. म्हणून दहातले आठ टायर मागचेच फाटतात, हा माझा आणि माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचा अनुभव.

आता दुकानात गेलात की टायरची घडी उघडा आणि कड अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून दुमडा. कागदासारखी दुमडली तर तो टायर जंगलातल्या मातीसाठी ठेवा. जाडजूड, परत उसळून सरळ होणारी लागली तर पुढे बोलू. या जाडीला म्हणतात केसिंग, म्हणजे रबराच्या आतलं कापडाचं अंग, आणि दगडात पहिला पैसा त्याला द्यायचा, दुसरा रबराच्या मऊपणाला, आणि नॉबची नक्षी सगळ्यात शेवटी. लोक बरोबर उलट क्रमाने खरेदी करतात कारण फोटोत नक्षीच दिसते, कापड दिसत नाही.

नावं कंपनीप्रमाणे वेगळी आहेत म्हणून गोंधळ होतो. मॅक्सिसमध्ये सगळ्यात हलकं एक्सो, मग एक्सो प्लस, मग डबलडाउन ज्यात कापडाचे दोन थर असतात, आणि वर डीएच, म्हणजे डाउनहिल. श्वाल्बेमध्ये सुपर ट्रेल, त्यावर सुपर ग्रॅव्हिटी, त्यावर सुपर डाउनहिल. कॉन्टिनेंटलने मात्र सरळ ठेवलंय, ट्रेल, एंड्युरो, डाउनहिल, वाचलं की कळतं. तुमचा फाटलेला टायर एक्सोच असणार, नवीन ट्रेल बाइकवर बहुतेक वेळा तोच बसवून येतो कारण दुकानात सायकल उचलून बघणाऱ्याला ती हलकी लागायला हवी.

तुम्हाला माझं सांगणं: मागे डबलडाउन किंवा त्याच्या बरोबरीचं केसिंग, २.४ रुंदीचं, आणि पुढे एक पायरी हलकं चालेल पण रबर मऊ. म्हणजे उदाहरणार्थ मॅक्सिसचे घेतले तर मागे मिनियन डीएचआर टू डबलडाउनमध्ये, मॅक्सटेरा या मधल्या रबराचा, आणि पुढे असेगाय २.५ एक्सो प्लसमध्ये, मिळाला तर त्याहून मऊ मॅक्सग्रिप रबराचा. असेगाय दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिलचा जगज्जेता ग्रेग मिनार याच्याबरोबर बनवलेला टायर आहे, कडेचे नॉब आणि मधले नॉब यांच्यामध्ये मोकळी पट्टी अशी राहतच नाही, त्यामुळे दगडावर सायकल थोडी तिरकी झाली तरी पकड एकदम सुटत नाही. श्वाल्बेचे आवडत असतील तर पुढे मॅजिक मेरी, मागे बिग बेटी सुपर ग्रॅव्हिटीमध्ये. कॉन्टिनेंटलमध्ये क्रिप्टोटाल, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा मिळतो, दोन्ही एंड्युरो केसिंगमध्ये घ्या. या तिन्हींत मी भांडणार नाही, हाताशी जो मिळेल तो.

पुढे मऊ आणि मागे थोडं कडक रबर का, तर पुढचं घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं की बहुतेक वेळा फक्त घाबरतो. आणि मऊ रबर मागे लावलं तर ब्रेकने आणि चढाने ते एका सीझनमध्ये संपतं.

वजनाचं म्हणाल तर हलक्या केसिंगचा टायर हजार ग्रॅमच्या आसपास असतो आणि दोन थरांचा बाराशे-तेराशेच्या घरात, म्हणजे मागच्या एका चाकावर पाव किलो वाढलं. चढावर ते पायाला कळतं, खोटं कशाला सांगू. पण ट्रेमाल्झोला तुम्ही शटलच्या गाडीने वर जाता की पेडल मारत, हे पत्रात नाहीये आणि ते महत्त्वाचं आहे. शटल, लिफ्ट, पोस्टबस असलं काही असेल तर जड टायर डोळे मिटून लावा. ओबर्स्टडॉर्फपासून रीव्हापर्यंत आठवडाभर स्वतःच्या पायावर आल्प्स ओलांडायचा बेत असेल तर पुढे हलकाच ठेवा, मागे मात्र तेव्हाही जाडच, कारण दोन खेड्यांच्या मध्ये दोन हजार मीटरवर टायर फाटून चालत उतरण्यापेक्षा पाव किलो ओढणं केव्हाही परवडतं.

आणि एक. हवा किती होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. ८२ किलोला २९ बाय २.४ च्या जाड टायरमध्ये पुढे २४ आणि मागे २७-२८ पीएसआयपासून (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. उतरताना रिम दगडावर ठणकल्याचा आवाज आला तर दोनने वाढवा, सायकल दगडावरून चेंडूसारखी उडतेय असं वाटलं तर एकेक करून कमी करा.

मी पुण्याची, वजन ५४ किलो. सप्टेंबरमध्ये डोलोमाइट्समध्ये मैत्रिणींबरोबर पाच दिवस सायकल चालवणार आहे, व्हाल गार्डेनाला मुक्काम आणि सेला डोंगराभोवतीची सेलारोंडाची फेरी करायची आहे. माझी सायकल विमानाने नेऊ का तिथे भाड्याने घेऊ? सिंहगडाच्या मागच्या वाटांवर चालणारे माझे टायर तिथे चालतील का?

चालतील का याचं उत्तर दगडात आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, कातळ कडक पण त्याच्या कडा बऱ्याचदा पावसापाण्याने मारलेल्या असतात, आणि उन्हाळ्यात त्यावर मुरूम पसरलेला असतो. मुरमावर सायकल कशी सरकते ते तुझ्या हातापायाला माहीत आहे आणि डोलोमाइट्समध्ये तेच ज्ञान कामाला येईल, कारण तिथल्या बऱ्याच वाटा म्हणजे खाली घट्ट बसलेली जमीन आणि वर गोट्यांसारखी पांढरी खडी. जिथे डोंगराच्या सुळक्यांखालून वाट जाते तिथे तर सरळ सुट्या दगडांचा घसारा आहे, ट्रेकवाल्यांना सांगायला नको घसारा म्हणजे काय. फरक एवढाच की तुटून पडलेला तिथला दगड ताजा असतो, धार गेलेली नसते.

तेव्हा तुझे टायर जर पुण्यात नेहमी दिसणारे, बारीक नॉबचे, कडेला पातळ असे असतील तर नको. सायकल भाड्याने घे. सेलारोंडामध्ये बरीचशी चढण लिफ्टने होते, उतार मात्र खूप आहेत, आणि तिथल्या भाड्याच्या सायकली त्या उतारांसाठीच सजवलेल्या असतात. पण दुकानात चार गोष्टी बघितल्याशिवाय सायकल बाहेर काढू नकोस. कड चिमटीत धरून बघ, वर लिहिलंय तसं. टायर ट्यूबलेस आहे का विचार, आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा आतला पातळ चीक, कधी घातलं ते विचार, कारण ते टायरच्या आत दोन-चार महिन्यांत वाळतं आणि मग नुसता रबराचा गोळा उरतो. चाक कानाशी धरून हलवलं की आतलं पाणी डुचमळल्याचा आवाज यायला पाहिजे. मधल्या नॉबांच्या पुढच्या कडा गोल झाल्यात का किंवा नॉब मुळाशी चिरलेत का ते नखाने बघ. आणि शेवटचं, हवा तुझ्यासमोर तुझ्या वजनाला करून घे. भाड्याच्या दुकानात कोणीही येणार म्हणून ८०-९० किलोच्या माणसाला चालेल एवढी हवा मारून ठेवतात, आणि ५४ किलोची बाई त्यावर बसली की सायकल दगडावर नाचत राहते, मग वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. तुला पुढे १८-१९ आणि मागे २१-२२ पुरे. मी बऱ्याच बायकांना पहिल्या दिवशी रडकुंडीला आलेलं बघितलंय आणि फक्त पाच पीएसआय हवा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी हसत उतरताना बघितलंय, म्हणून हे एवढं लांबवून लिहिलं.

सायकल नेणारच असशील तर विमानात टायर फुटेल ही भीती काढून टाक, सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो. एअरलाइन हवा काढायला सांगते तेव्हा काढ, पण ट्यूबलेसमध्ये थोडी राहू दे, पार रिकामा केला तर टायर रिमवरून सुटतो आणि सगळं सीलंट बॅगेत. आणि गॅसच्या छोट्या नळ्या एअरलाइनला विचारल्याशिवाय सामानात टाकू नकोस.

झुरिकमध्ये घरी पुढच्या टायरमध्ये २३ पीएसआय हवा भरली, ट्रेनने गोर्नरग्राटला गेलो, वर मोजली तर २६! एकाच मीटरने. मीटर बदलू का?

मीटर चांगला आहे, त्याला जपा. हा प्रश्न मला फार आवडला कारण याचा विचार फार कमी लोक करतात.

मीटर जे दाखवतो तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. झुरिक समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर, गोर्नरग्राट ३,०८९ मीटरवर. वर बाहेरची हवा विरळ, बाहेरून टायर दाबणारा हात सैल झाला, आत हवा तेवढीच, म्हणून फरक वाढला, नुसत्या उंचीने साधारण ४ पीएसआय वाढतात. पण वर थंडी पण असते. घरी २६ अंश आणि वर ६ अंश असेल तर आतली हवा आकसून अडीच पीएसआयच्या आसपास परत कमी होतात, म्हणजे उरले दीड. तुम्हाला तीन दिसले, म्हणजे सायकल स्टेशनवर उन्हात उभी असणार, काळं रबर उन्हात पटकन तापतं.

सकाळी नऊला सावलीत मोजलं असतं तर वेगळा आकडा आला असता. म्हणून आकडा घरी पाठ करू नका, उतार सुरू होतो तिथे मोजा आणि तिथे जास्तीची हवा सोडा. मग खाली झेरमाटला पोचेपर्यंत बाहेरचा दाब वाढून काटा दोनने उतरायला पाहिजे, पण खालची हवा उबदार असते आणि टायरही तापलेला असतो, त्यामुळे ते जवळपास भरून निघतं. उलटी काळजी फक्त एकच, वर कडक उन्हात तापलेल्या टायरमधून हवा सोडली आणि लगेच ढग येऊन गारठा पडला की अर्ध्या वाटेवर टायर मऊ पडलेला सापडतो. छोटा पंप बॅगेत ठेवायचाच.

तीन पीएसआय म्हणजे काही फार नाही असं वाटत असेल तर एक दिवस मुद्दाम २६ आणि २३ वर तोच उतार दोनदा करून बघा. पकडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ओल्या दगडावर कुठला टायर घसरत नाही?

कुठलाच नाही असं म्हणायला पाहिजे, पण दगडादगडात फरक आहे. मों ब्लांच्या बाजूचा ग्रॅनाइट दाणेदार असतो, ओला झाला तरी बऱ्यापैकी धरतो. चुनखडी जिथे हजारो चाकांनी आणि बुटांनी घासून गुळगुळीत झालेली असते तिथे ओली झाली की साबण. नॉब तिथे काही करत नाही कारण रुतायला मातीच नाही, तिथे फक्त मऊ रबर आणि कमी हवा. श्वाल्बेच्या टायरवर रंगीत रेघ असते ती रबराची खूण आहे, निळी कडक, नारिंगी मऊ, जांभळी सगळ्यात मऊ. ओल्यासाठी पुढे नारिंगीपेक्षा कडक घेऊ नका. आणि ओल्या मुळावर किंवा गुळगुळीत दगडावर ब्रेक दाबलात तर जांभळ्या रेघेचा टायर पण वाचवणार नाही, त्याच्या आधी वेग कमी करून त्यावरून ब्रेक न दाबता जाऊ द्यायचं.

माझी ई-बाइक २४ किलोची, माझं वजन ९१. स्वित्झर्लंडच्या व्हॅलेमध्ये राहतो. टायरच्या आत फोमचा इन्सर्ट घालावा का?

तुम्ही घाला, मागे तरी नक्की. सायकल आणि तुम्ही मिळून ११५ किलो होता आणि मोटर असल्यामुळे तुम्ही दिवसात दुप्पट उतार करता, रिम वाकायची पाळी तुमच्यावर आधी येणार. इन्सर्ट दगडाच्या आणि रिमच्या मध्ये उशीसारखा येतो, आणि वळणात टायर रिमवरून सरकून फुस्स करून हवा जाते ना, तेही थांबतं. पण पातळ टायरमध्ये इन्सर्ट घालून जाड टायरचे पैसे वाचवायचा विचार असेल तर नको, कड चिरायची ती चिरणारच, इन्सर्ट आतून रिमला वाचवतो, कडेला बाहेरून येणाऱ्या धारेपासून नाही. आधी डीएच किंवा सुपर डाउनहिल केसिंग, मग इन्सर्ट. टायर चढवताना हाताची सालटी निघतात, दोन चांगले लिव्हर आणि साबणाचं पाणी घेऊन बसा.

श्वाल्बेचे नवीन रेडियल टायर घेतले, नेहमीच्या हवेवर सायकल डुलते. परत करू का?

करू नका, हवा वाढवा. २०२४ मध्ये आलेल्या या टायरमध्ये आतल्या कापडाचे धागे आडवे जास्त आणि तिरके कमी आहेत, त्यामुळे टायर दगडाच्या आकाराला पटकन बसतो आणि पकड खूप मिळते, पण आधीचाच आकडा ठेवला तर मऊ वाटतो. तीन-चार पीएसआयने वाढवून बघा. मी पुढे वापरतेय आणि खूश आहे, मागे अजून जुन्याच पद्धतीचा.

जुना टायर कधी टाकायचा? पुढचा झिजला नाही आणि मागचा संपला.

पुढचा मागे घाला आणि नवीन पुढे घ्या. एवढंच, फक्त पुढचा पातळ कडेचा असेल तर तो मागे घालू नका, वर म्युनिकच्या दादांचं काय झालं ते वाचलंत ना. आणि टायरच्या कडेवर फिरायच्या दिशेचा बाण असतो तो बघून चढवा.

ताई, वर डोंगरात कड चिरली, प्लग बसत नाही, आता? सीलंट सगळं वाहून गेलं होतं, मित्राने येऊन गाडीत घालून नेलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी मित्र नसेल.

प्लग म्हणजे ती चिकट रबराची वळी, ती नॉबांच्या मधल्या भोकाला उत्तम, दोन-तीन एकत्र कोंबल्या तरी चालतं. कडेच्या चिरेला मात्र ती धरत नाही, कड हलत राहते आणि वळी बाहेर येते. तिथे आपल्याकडचा पंक्चरवाला करतो तेच करायचं, गेटर घालायचा. जुन्या टायरच्या कडेचा चार बोटं लांब तुकडा कापून घरीच तयार ठेवा, कडा कात्रीने गोल करा, ट्यूबच्या पुड्यात गुंडाळा. चीर पडली की व्हॉल्व्ह काढा, टायर एका बाजूने उघडा, आतले काटे-खडे बोटाने चाचपून काढा, नाहीतर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते, मग गेटर आतून चिरेवर धरा आणि ट्यूब भरा. गेटर नसेल तर एनर्जी जेलचं रिकामं पाकीट दुहेरी घडी करून, किंवा युरोची नोट, ती कापडी कागदाची असते म्हणून खरंच टिकते. चीर दोन बोटांपेक्षा मोठी असेल तर आधी शिवा. दाताचा फ्लॉस आणि जाड सुई मी गेली पाच वर्षं पंपाला टेपने चिकटवून फिरवते, नॉर्डकेट्टेवर सीग्रुबेच्या खाली पहिल्याच वळणात चिरलेला टायर शिवून मी हुंगरबुर्गपर्यंत उतरलेय, सहा टाके घातले होते, आडवे, चिरेपासून अर्धा बोट लांबून, म्हणजे कापड उसवत नाही.

अशा टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त ठेवा कारण आता आत ट्यूब आहे आणि ती रिम नि दगडात चिमटली की सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. ३० पीएसआय भरा, सावकाश उतरा, मोठ्या दगडावर सीटवरून उठून वजन पुढे घ्या, आणि गावात पोचलात की शिवलेला टायर परत डोंगरात नेऊ नका.